एक डावा कमी

हातमोज्यांच्या त्या कारखान्यात मोजणीवरून वाद झाला की कुणीतरी म्हणायचंच, "डझनमावशीला बोलवा." मग मावशी कमरेच्या फडक्याला हात पुसत यायची, ढिगापुढे उभी राहायची, दोन बोटांत एकेक जोडी धरून टपाटप बाजूला टाकत जायची आणि शेवटी जो आकडा सांगायची तो आकडा. त्यावर पुढे कुणाचं काही चालायचं नाही.

वेल्डिंग करणारे, भट्टीपाशी उभे राहणारे, माल चढवणारे-उतरवणारे, अशा लोकांसाठी तिथे कातड्याचे जाड हातमोजे बनत. पहिल्या दालनात कातडं कापायचं, दुसऱ्यात शिलाई, मग इस्त्री आणि सगळ्यात शेवटी जोड-टेबलं. जोड-टेबलावरचं काम सांगायला सोपं. एक डावा उचलायचा, त्याच्याच रंगाचा नि जाडीचा उजवा शोधायचा, जोडी लावायची. बारा जोड्या झाल्या की दोऱ्याने गठ्ठा बांधायचा. असे बारा गठ्ठे एका खोक्यात. पण दिवसभर डावा-उजवा, डावा-उजवा करून संध्याकाळी बाई घरी निघाली की आपला स्वतःचा डावा हात कुठला हे तिला क्षणभर आठवून बघावं लागे. मावशी एकोणीस वर्षं हे करत होती, आणि एकोणीस वर्षांत तिच्या गठ्ठ्यात ना कधी अकरा जोड्या निघाल्या ना तेरा.

शाळा तिची चौथीतच सुटली होती. बाराचा पाढा तिला कारखान्यात आल्यावर कटरकाकांनी शिकवला. काका कातडं कापायचे. नवी पोरगी बोटं मोडून मोजतेय हे पाहून त्यांनीच तिला रोज जेवणाच्या सुट्टीत एक-एक ओळ दिली. "बारा नव्वे अठ्ठोत्तरशे"पाशी तिची गाडी दोन दिवस अडली. ते दोन दिवस ती कापणीच्या दालनावरून गेली की आतून काका ओरडायचे, "बारा नव्वे?" आणि सगळं दालन हसायचं. तिसऱ्या दिवशी तिने दारातूनच त्यांना "बारा दाही वीसाशे"सुद्धा ऐकवलं. त्यानंतर पाढा तिच्या जिभेवर असा बसला की घरीदारी ती डझनाशिवाय बोलेना. वाळत घातलेल्या कपड्यांचे चिमटे अडीच डझन, चमचे डझनाला दोन कमी, जिन्याच्या पायऱ्या दीड डझन. तिचा नवरा मालवाहू टेम्पो चालवायचा. तो म्हणायचा, "अगं, मग माझी गणती कशात?"

"तुम्ही सुटे," मावशी म्हणायची.

असं सगळं सुरळीत चाललं होतं. मग तिने स्वतःच्याच हाताने आपल्या धाकट्या जावेला कारखान्यात आणलं.

झालं असं, की धाकट्या दिराची साबणाची कंपनी बंद पडली. दोन्ही भाऊ एकाच घरात राहत, मधे एक भिंत आणि मोरी सामाईक. भिंतीपलीकडचा शुकशुकाट मावशीला ऐकू यायचा. एका सकाळी तिने धाकटीला हाक मारली. "अगं, येतेस का माझ्याबरोबर? टेबलावर एक जागा आहे. मी साहेबांशी बोलते." धाकटीने तिचे दोन्ही हात धरले. "ताई, तुमचे उपकार मी जन्मात विसरणार नाही." मावशीला बरं वाटलं. उपकार करताना माणसाला बरंच वाटतं. ज्याच्यावर उपकार केले तो पुढे निघून गेला की काय वाटतं, हे तिला अजून कळायचं होतं.

पहिले दोन आठवडे धाकटी रडतखडत काम करायची. सातव्या जोडीला कुणी हाक मारली की आकडा विसरायची आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायची. मावशी शेजारच्या टेबलावरून न बघता सांगायची, "सात झाल्यात तुझ्या." धाकटी ओशाळून हसायची. मावशीला ते हसू फार आवडायचं.

तिसऱ्या आठवड्यात धाकटीने मोजणं सोडून दिलं. सरळ सोडूनच दिलं. ती टेबलावर डावे हातमोजे मांडायची, चारची एक ओळ, अशा तीन ओळी. मग त्या प्रत्येक डाव्यावर त्याचा उजवा. शेवटचा उजवा ठेवला की डझन झालं. ओठ हलवायला नकोत, आकडा लक्षात ठेवायला नको. कुणाशी गप्पा मारा, गाणं म्हणा, मधेच पाणी प्यायला जा, मांडणी जागच्या जागी. एखादी जागा रिकामी असली तर ती पडलेल्या दातासारखी लांबूनच दिसायची.

"हे काय, भातुकली मांडलीस का?" मावशीने विचारलं.

"तीन चोक बारा, ताई," धाकटी म्हणाली. "माझ्या डोक्यात आकडा टिकत नाही हो. मग म्हटलं, टेबलालाच लक्षात ठेवू दे."

मावशी हसली. पण संध्याकाळी दोन्ही टेबलांवरचे गठ्ठे मोजले तेव्हा धाकटीचे दोन कमी होते. पुढच्या आठवड्यात बरोबरीला आले. त्याच्या पुढच्या आठवड्यात धाकटीचे तीन जास्त.

सुपरवायझर उंचापुरा माणूस होता, कानावर खडूचा तुकडा अडकवून फिरायचा. तो एक दिवस बराच वेळ धाकटीच्या मागे उभा राहिला. मग त्याने तो खडू काढला आणि तिच्या टेबलावर बारा चौकटी आखून दिल्या, की मांडणी सरळ यावी. मावशीने तिरक्या नजरेने पाहिलं आणि आपला दोरा जरा जास्तच जोरात ओढला. तो तुटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कामावर आली तर तिच्या स्वतःच्या टेबलावर बारा चौकटी आखलेल्या.

ती तिथे उभीच राहिली. एकोणीस वर्षं ज्या लाकडावर तिचे हात फिरले, जिथे मनगट टेकून टेकून एक गुळगुळीत खळगा पडला होता, तिथे दुसरीच्या अकलेच्या रेघा. कुणी थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं. सुपरवायझर जाता जाता म्हणाला, "मावशी, सगळ्याच टेबलांवर आखल्यात. तुमच्या जाऊबाईंची पद्धत झकास आहे. तुम्हीच आणलीत ना त्यांना? हिरा आणलात हो."

"हो," मावशी म्हणाली. आणि ओलं फडकं घेऊन तिने टेबल पुसून टाकलं. चौकटी गेल्या, पण लाकडाच्या रेषांत खडू अडकून राहिला. तो दिवसभर तिच्या डोळ्यांत खुपत होता.

घरी तरी सुख असावं, तर तेही नाही. तिची मुलगी सहावीत होती. गणिताच्या वहीसाठी आजवर ती आईकडेच यायची. त्या संध्याकाळी ती भिंतीपलीकडून वही घेऊन आली. गणित होतं, साडेतीन डझन पेन्सिली आहेत, प्रत्येकाला दोन-दोन दिल्या तर किती मुलांना पुरतील?

"साडेतीन डझन म्हणजे बेचाळीस," मावशी लगेच म्हणाली. "निम्मे एकवीस."

"हो, पण बेचाळीस काढायचेच कशाला?" मुलगी म्हणाली. "काकू म्हणाली, डझनात सहा जोड्या. सहा, सहा, सहा आणि अर्ध्या डझनाच्या तीन. झाल्या की एकवीस! काकूचं सोपं असतं, आई."

मावशीने वहीकडे पाहिलं. जन्मभर जोड्या लावल्या तिने, डझनं बांधली तिने, आणि डझनात सहा जोड्या हे सोप्यात सोपं बोलणं भिंतीपलीकडून यावं! "आता सगळं काकूलाच विचारत जा," ती म्हणाली. मुलगी बिचारी बावरून बघत राहिली. "आईला काय झालं?" तिने बापाला विचारलं. बापाने खांदे उडवले. त्याला माहीत होतं, पण अशा वेळी माहीत नसलेलंच बरं हेही त्याला माहीत होतं.

मावशी काही वाईट बाई नव्हती. रोज सकाळी ती स्वतःला समजवायची, की अगं, घरचीच आहे, तिच्या घरात चूल पेटतेय ती तुझ्यामुळे. समजूत कारखान्याच्या फाटकापर्यंत टिकायची. आत शिरलं, धाकटीभोवती शिलाईच्या बायका हसताना दिसल्या, की पोटात कुणीतरी लिंबू पिळल्यासारखं व्हायचं. धाकटीचं हसणं कारणाशिवाय मोठं वाटायचं, तिचं वेणी मागे टाकणं मुद्दाम वाटायचं, आणि ती "ताई, तुमचा डबा राहिला" म्हणाली तरी त्यात टोमणा ऐकू यायचा.

त्यातच साठ डझन जोड्यांची मागणी आली, पाच खोकी. सुपरवायझरने सगळ्यांना जमवून सांगितलं की माल ठरल्या दिवशी चार वाजता गाडीत चढलाच पाहिजे, आणि हे काम झालं की जोड-टेबलांवर एक प्रमुख नेमायचा आहे. बोलताना त्याची नजर मावशीवरून धाकटीवर गेली आणि तिथे थांबली. निदान मावशीला तरी तसं वाटलं.

दोन खोकी मावशीने भरली, दोन धाकटीने. पाचवं कुणी भरायचं? "जाऊबाईंना द्या," सुपरवायझर म्हणाला. "त्यांचा हात रिकामा झालाय."

मावशीचा हात रिकामा व्हायला फक्त एक गठ्ठा उरला होता. एक!

शेवटच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत धाकटी हात धुवायला नळावर गेली. टेबलांपाशी कुणी नव्हतं. पाचव्या खोक्याचा माल तिच्या टेबलाशेजारी ढीग घालून पडलेला. मावशी उठली, ढिगापाशी गेली आणि वरचाच एक डावा हातमोजा उचलून तिने आपल्या कापडी पिशवीत टाकला. पिशवीत सकाळी घेतलेली कपडे धुण्याच्या साबणाची वडी होती, तिच्याखाली तो सरकवला. हे सगळं इतक्या सहज झालं, की जागेवर येऊन बसल्यावर तिला वाटलं, आपण फक्त पाणी पिऊन आलो. एकदा, फक्त एकदा, त्या रेघांमध्ये एक जागा रिकामी राहिलेली सगळ्यांना दिसावी. इतकंच तिला हवं होतं. मग तो डावा कुठेतरी "सापडेल", माल जाईल, कुणाचं काही बिघडणार नाही.

अडीचच्या सुमारास धाकटीचे अकरा गठ्ठे बांधून झाले. बारावी मांडणी लावताना तिचा हात थांबला. अकरा जोड्या बसल्या. बाराव्या चौकटीत नुसता उजवा.

तिने टेबलाखाली पाहिलं, खोक्यांच्या मागे हात घालून चाचपलं, पदर झटकला, पुन्हा खाली वाकली. "ताई," ती हळूच म्हणाली, "एक डावा कमी आहे."

"नीट बघ," मावशी म्हणाली. आवाज अगदी रोजचा आला. तिचं तिलाच नवल वाटलं.

सुपरवायझर आला. त्याने रीतीप्रमाणे हुकूम सोडला, "डझनमावशी, तुम्ही मोजा." अकरा गठ्ठे सोडले गेले. मावशीने मोजायला सुरुवात केली आणि भोवती घोळका जमला. किती महिन्यांनी सगळ्यांची नजर पुन्हा तिच्या दोन बोटांवर होती! धाकटी बाजूला उभी राहून नखं खात होती. मावशीने अगदी सावकाश मोजलं. "बारा डझन जोड्यांचे नग हवेत दोनशे अठ्ठ्याऐंशी," ती म्हणाली. "इथे आहेत दोनशे सत्त्याऐंशी. एकशे त्रेचाळीस जोड्या आणि वर एक उजवा."

आता धाकटीला बोल बसणार, म्हणून मावशीने श्वास रोखला. पण सुपरवायझर धाकटीकडे वळलाच नाही. तो तावातावाने पहिल्या दालनाकडे वळला आणि ओरडला, "काकाऽ! जरा इकडे या!"

कटरकाका आले. आता ते थकले होते, जाड भिंगांचा चष्मा, हनुवटीवर पांढरे खुंट. मागच्याच महिन्यात त्यांच्याकडून भोक असलेलं एक कातडं तसंच कापलं गेलं होतं, तेव्हापासून ते जरा दबूनच असायचे.

"काका, कितीदा सांगितलं दिसत नसेल तर सांगा म्हणून! एक डावा कमी कापलात तुम्ही. गाडी तासाभरात येतेय. आता एका हातमोज्यासाठी मी कुणाच्या पाया पडू?"

काकांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, पुन्हा घातला. "असेल बाबा," ते म्हणाले. "माझंच चुकलं असेल."

बाण सोडला होता धाकटीवर, आणि लागला कुणाला! काकांचा तो पुटपुटलेला शब्द तिला सहन होईना. ज्या माणसाने तिला मोजायला शिकवलं, तो न केलेली चूक कबूल करत होता. तिने धाकटीकडे पाहिलं. ही हुशार, हीच काहीतरी बोलेल, म्हणून ती थांबली. पण धाकटीला येऊन जेमतेम पाच महिने झाले होते. जोड-टेबलापलीकडचा कारखाना तिने पाहिलेला कुठे होता? मावशीला मात्र दिसत होतं. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी, इतक्या लाजेतसुद्धा, तिच्या मनात आलं, हे हिला कळलेलं नाही, मला कळलंय.

"साहेब," ती म्हणाली, "कापणीत एकटा डावा कमी पडूच शकत नाही."

सगळे तिच्याकडे वळले.

"काका दोन कातडी तोंडाला तोंड लावून ठेवतात. वरून साच्याचा एक ठोका बसला की एक डावा निघतो आणि एक उजवा. दोन्ही एकदम. काकांचा ठोका चुकला असता तर जोडी कमी पडली असती, आपल्याकडे दोनशे शहाऐंशी आले असते. दोनशे सत्त्याऐंशी काकांच्या हातून येतच नाहीत, त्यांनी डोळे मिटून कापलं तरी."

काकांनी मान वर केली.

"बरोबर आहे," इस्त्रीवाली म्हणाली. "आणि माझ्याकडेपण लोखंडी पंजे जोडीने आहेत. एका वेळी डावा-उजवा चढवते मी. डावा पंजा मोकळा राहिला असता तर मला दिसलं नसतं का?"

"वा, मावशी!" सुपरवायझरने टाळी वाजवली. "याला म्हणतात अनुभव. काका, माफ करा हं, माझं डोकं तापलं होतं." आणि मग तो थांबला, कारण साधा हिशेब त्यालाही येत होता. "म्हणजे इस्त्रीपर्यंत सगळे दोनशे अठ्ठ्याऐंशी होते. म्हणजे गेला तो इथूनच. टेबलावरून."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सगळे इकडेतिकडे शोधू लागले. मावशीपण वाकली, खोक्यांमागे गेली, पिशवी जवळच होती. "हा बघा," ती म्हणाली, "इथे खोक्यामागे पडलाय." टाळ्या वाजल्या. बारावा गठ्ठा बांधला गेला, गाडी वेळेवर गेली, आणि माल चढल्यावर सुपरवायझरने सगळ्यांसमोर सांगून टाकलं की उद्यापासून टेबलप्रमुख डझनमावशी. इतके महिने ज्या कौतुकासाठी ती तळमळत होती ते तिच्या पदरात पडलं.

दोघी नेहमीसारख्या चालत घरी निघाल्या. अजून ऊन होतं, दुकानांच्या सावल्या रस्त्यावर लांब पडल्या होत्या. निम्मा रस्ता झाल्यावर धाकटी म्हणाली, "ताई, त्या खोक्यामागे मी दोनदा हात घातला होता."

मावशी चालत राहिली.

"आणि शेवटची जोडी मीच लावली. डाव्याला साबणाचा वास येत होता. उजव्याला नव्हता."

समोरून एक सायकल गेली. मावशीला वाटलं, म्हणावं, तुझ्या हाताला लागला असेल. शब्द तोंडापर्यंत आला. पण दुपारचं एक खोटं अजून पचलं नव्हतं, त्यावर दुसरं कुठे ठेवणार? "मी घेतला होता," ती म्हणाली.

धाकटी थांबली. "का?"

"माझ्या टेबलावर तुझ्या चौकटी आखल्या म्हणून."

"मी आखल्या होत्या?"

"नाही."

"मी सांगितलं होतं आखायला?"

"नाही गं. पण मला बघवेना. तू पुढे जातेस ते मला बघवत नाही. रोज सकाळी ठरवते, आज जळायचं नाही, आणि रोज जळते. आता तूच सांग याला काय करू."

धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते दयेचं नव्हतं. "मी काय सांगू? तुम्ही मला आणलंत म्हणून मी रोज तुमच्या टेबलाशी मालाच्या पाट्या भरून ठेवते. तुमच्या लेकीची वही बघते. आणि तुम्ही मला सगळ्यांसमोर उघडं पाडायला निघालात! आज काकांच्या जागी मी असते तर? तर बोलला असता का तुम्ही?"

मावशीने प्रामाणिकपणे विचार केला. "माहीत नाही," ती म्हणाली.

"मला माहीत आहे," धाकटी म्हणाली आणि झपाझप पुढे निघून गेली.

त्या दिवशी भिंतीपलीकडून "ताई, मोरी रिकामी आहे" अशी हाक आली नाही. नवऱ्याने विचारलं, "प्रमुख झालीस ना? मग तोंड का असं?" मावशीने त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "उद्या कुणाकडे आधी जाणार आहेस?" जाणार आहेस का, असं त्याने विचारलं नाही, एवढं मात्र तिला बरं वाटलं.

ती आधी काकांकडे गेली. साच्यापाशी उभी राहून तिने एका दमात सांगून टाकलं. काकांनी हातातलं कातडं खाली ठेवलं. "काल तू बोलेपर्यंत मी आशा सोडली होती," ते म्हणाले. "म्हटलं, आता घरी बसावं लागणार. डोळे गेले म्हणून हाकललं हे नातवंडांना कसं सांगायचं, याचं वाक्य जुळवत होतो मनात." ते रागावले नाहीत, हसलेही नाहीत. "ठोक्याचं बोललीस ते मात्र चोख होतं," एवढंच म्हणून त्यांनी पुन्हा कातडं उचललं. पुढे कितीतरी दिवस ते तिच्याशी कामापुरतंच बोलत.

मग ती सुपरवायझरकडे गेली. त्याने ऐकलं, कानावरचा खडू काढला, परत अडकवला. "मावशी, हे मला सांगितलं नसतंत तर मला कळलंही नसतं."

"तिला कळलंय," मावशी म्हणाली. "मी प्रमुख आणि ती माझ्या हाताखाली, रोज तोंड बघायचं. मला नाही जमायचं."

"मग तिला प्रमुख केलं तर जमेल?"

"नाही जमणार," ती म्हणाली. "पण करा."

अशा रीतीने धाकटी प्रमुख झाली. सुपरवायझरने कारण कुणाला सांगितलं नाही. मावशीने डोळे दुखतात म्हणून नको म्हटलं असं बायकांना कळलं, आणि त्या चुकचुकल्या. धाकटी दीड महिना तिच्याशी बोलली नाही. "हा माल घ्या," "तो गठ्ठा तिकडे," बस. तिच्या तोंडून "ताई" हा शब्द निघाला तो थेट मुलगी तापाने फणफणली तेव्हा. सकाळी दार ढकलून ती आत आली आणि म्हणाली, "ताई, तुम्ही आज घरी थांबा. तुमचं टेबल मी बघते." त्या दिवशी तिने दोन टेबलांचं काम केलं आणि मावशीच्या टेबलावर चौकटी न आखता केलं. मावशीला हे इस्त्रीवालीकडून कळलं. तिला गहिवरून आलं, आणि दोन टेबलांचं काम एकटीने उरकल्याचं ऐकून पोटात लिंबूही पिळलं गेलं. दोन्ही एकाच वेळी. माणसाचं मन म्हणजे काही सुटसुटीत भागाकार नव्हे.

एकदा, टेबलांपाशी कुणी नसताना, मावशीने चारच्या तीन ओळी मांडून बघितल्या. काम खरंच लवकर झालं. तिने ते सगळं घाईघाईने गोळा केलं आणि पुन्हा कधी मांडलं नाही. "मला माझं तोंड हलवत मोजायचंय," असं तिने धाकटीला सांगितलं. "मोजा की," धाकटी म्हणाली. "तुमचा आकडा ऐकला की मला पण बरं वाटतं." त्यात टोमणा होता की नाही, यावर मावशीने पुढचे दोन दिवस विचार केला आणि शेवटी नव्हता असं ठरवलं.

दोघी पुन्हा एकत्र जाऊ-येऊ लागल्या. त्या डाव्या हातमोज्याविषयी त्या परत कधी बोलल्या नाहीत. मुलगी सातवीत गेली आणि गणिताची वही दोन्ही घरांत फिरू लागली. आईकडे पाढे, काकूकडे युक्त्या, अशी तिने आपसूक वाटणी करून टाकली.

काल-परवाचीच गोष्ट. मावशी कामावरून येऊन पाय पसरून बसली होती. नवऱ्याने चहाचा कप तिच्यापुढे ठेवला आणि विचारलं, "आज किती?"

"चौदा गठ्ठे."

"अरे वा. आणि भिंतीपलीकडे?"

मावशीने चहाचा एक घोट घेतला. "सोळा," ती म्हणाली. मग भिंतीकडे एकदा पाहून, आवाज खाली आणून, "पण गाठी सैल मारते."